धूर निळा दिसला पाहिजे: मांस धुरावर शिजवताना आग कशी सांभाळायची

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात जांबोटी रस्त्यावरच्या मामांच्या शेतघरी आम्ही पहिल्यांदा लोखंडी ड्रममध्ये बोकडाची अख्खी मांडी टांगली. जळणाला पावसाळ्यात मोडून पडलेल्या जांभळाच्या फांद्या होत्या. चार तास कापसासारखा पांढरा, दाट धूर निघत राहिला आणि आम्ही सगळे खूश. मांडी बाहेर काढली तेव्हा ती काळी, चकचकीत आणि बोटाला चिकटणारी झाली होती. पहिल्याच घासाला जीभ बधिर झाल्यासारखी वाटली, मागून घशात कडूपणा उतरला. मामीनं मांडी गरम पाण्यानं धुतली, तुकडे करून रश्श्यात घातली, तर रस्साही कडू. मटण त्याच सकाळचं होतं, मसाला मामीच्या हातचा होता. चुकली होती ती आग.

मोबाईलवर अमेरिकी पद्धतीनं मांस धुरावर शिजवण्याचे व्हिडिओ बघून आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या शेतघरांवर असे ड्रम दिसायला लागलेत. व्हिडिओत मसाला चोळताना दाखवतात, कापताना गळणारा रस दाखवतात. मधले सहा-आठ तास आग कशी राखली, ते मात्र दहा सेकंदांत उरकतात. सगळी विद्या त्या सहा-आठ तासांत आहे. आणि त्यातली बरीचशी आपल्या आज्यांना येत होती, फक्त त्यांनी ती भाकरीसाठी वापरली.

लाकूड जळतं म्हणजे काय होतं?

चुलीत घातलेल्या ओल्या लाकडाकडे नीट बघा. आतलं टोक पेटलेलं असतं आणि बाहेरच्या टोकाला फेस येऊन सूं सूं आवाज येत असतो. ते लाकडातलं पाणी. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं, आणि ते उडून जाईपर्यंत लाकूड १०० अंशांच्या फार वर तापत नाही. पाणी उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सहा-सात पट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ओलं जळण घातलं की आग ही सगळी मेहनत पाण्यावर खर्च करते.

पाणी गेलं की २०० अंशांच्या पुढे लाकूड आतून फुटायला लागतं. लाकूड मुख्यतः सेल्युलोज, त्याच्यासारखेच दुसरे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन यांचं बनलेलं असतं. उष्णतेनं या सगळ्यांचे वायू होतात. आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचा जाळ. हवा पुरेशी असेल आणि उष्णता ६०० अंशांच्या आसपास गेली असेल, तर हे वायू जवळजवळ पूर्ण जळून जातात. हवा कमी पडली किंवा आग थंड राहिली, तर ते न जळताच बाहेर पडतात. तोच धूर. वायू निघून गेल्यावर मागे राहतो तो निखारा, आमच्याकडच्या बोलीत आर. त्याला जाळ नसतो, धूर नसतो, नुसती धग असते.

म्हणजे धूर हे अर्धवट जळलेलं लाकूड आहे. आता प्रश्न इतकाच, की किती अर्धवट?

धूर जितका दाट, तितकी चव जास्त ना?

नाही. आमची मांडी याच समजुतीनं वाया गेली.

मांसाला जो हवाहवासा वास लागतो तो बहुतेक लिग्निन फुटल्यावर तयार होणाऱ्या ग्वायकॉल आणि सिरिंगॉल या दोन जातींच्या पदार्थांचा असतो. ही नावं विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते हे, की त्यांची थोडीशी मात्रा पुरते आणि ते स्वच्छ, तापलेल्या आगीच्या विरळ धुरातही असतात. दाट पांढऱ्या धुरात त्यांच्याबरोबर पाण्याची वाफ, डांबरासारखे चिकट थेंब आणि कडवट आम्लं येतात. हे थेंब मोठे असतात, थंड मांसावर जाऊन बसतात आणि तिथंच राहतात. जुन्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या कौलांना, आढ्याला जी काळी चकचकीत पुटं चढलेली असतात, तीच ही. आम्ही चार तास त्या मांडीला आढं बनवत होतो.

चांगल्या आगीचा धूर दिसतो न दिसतो असा, फिकट निळसर. कण इतके बारीक असतात की प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं त्याच्याजवळचंच हे कारण आहे. धुराड्याच्या मागे काळसर काही धरा, एखादं झाड चालेल, म्हणजे हा निळेपणा दिसतो. आभाळाकडे बघून कळत नाही. धूर दिसतच नसेल पण धुराड्यावरची हवा थरथरत असेल आणि नाकाला गोडसर वास येत असेल, तर सगळं ठीक चाललंय. काळा धूर दिसला तर चरबी पेटली आहे किंवा आगीचा श्वास कोंडला आहे.

नाकावर विश्वास ठेवा. डोळे चुरचुरायला लावणाऱ्या, खोकला काढणाऱ्या धुरात मांस ठेवायचं नाही.

मग कोळसा कशाला? नुसतं लाकूड का नको?

कोळसा म्हणजे हवा कोंडून भाजलेलं लाकूड. त्याचं पाणी आणि बहुतेक वायू भट्टीतच निघून गेलेले असतात, उरतो तो मुख्यतः कार्बन. त्यामुळे कोळसा सावकाश, एकसारखी धग देतो आणि त्याला फारसा धूर नसतो. नुसत्या लाकडावरही उत्तम शिजतं, पण दर अर्ध्या-पाऊण तासानं नवं लाकूड घालत आगीपाशी बसून राहावं लागतं. नवशिक्यानं कामं वाटून द्यावीत: धग कोळशाची, वास लाकडाचा. दोन किलोच्या मांडीला मुठीएवढे तीन-चार तुकडे लाकूड पुष्कळ होतं.

कोळसा म्हणजे लोणारी कोळसा. इस्त्रीवाले वापरतात तो, कणसं भाजणाऱ्यांच्या गाडीवर असतो तो. दगडी कोळसा कधीही नाही. त्यात गंधक आणि इतर घातक गोष्टी असतात. बाजारात कन्नडमधून मागत असाल तर तिथंही हाच फरक आहे: इद्दिलु म्हणजे लाकडाचा, कल्लिद्दलु म्हणजे दगडी. हाताला हलका लागणारा, एकमेकांवर आपटल्यावर खणखणणारा, मोडला तर लाकडाच्या रेषा दिसणारा कोळसा घ्या. तळाचा चुरा बाजूला काढा, तो हवेच्या वाटा बुजवतो.

पेटवायला रॉकेल, पेट्रोल किंवा प्लास्टिकची पिशवी नको. त्यांचा वास कोळशात मुरतो आणि मटणात उतरतो, शिवाय पेट्रोलचा भडका माणसाला भाजतो. १५ किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, रंग आणि छपाई जळून जावी म्हणून आधी एकदा मोकळ्यात तापवून घ्या. तळाशी बाजूंनी भोकं पाडा, खाली कागदाचे बोळे, वर कोळसा. वीसेक मिनिटांत वरचे कोळसे कडेनं राखाडी होतात. तोपर्यंत निघणारा पहिला धूर जाऊ द्यायचा, मांस अजून आत ठेवायचं नाही.

चूल आणि वैल

आपल्या मातीच्या चुलीला शेजारी वैल असते. जाळ चुलीखाली, आणि त्याची धग आतल्या भोकातून वैलावर जाते. भाकरी जाळावर होते, आमटी वैलावर रटरटत राहते. वैलाखाली वेगळं सरपण कुणी घालत नाही. मांस धुरावर शिजवण्याचं सगळं यंत्र एवढंच आहे: मांस वैलावर ठेवायचं, चुलीवर नाही.

उभ्या ड्रममध्ये हे साधायचं तर निखारे तळाशी आणि मांस जितकं वर जाईल तितकं वर, मध्ये पाण्याची परात. परात खालची थेट धग अडवते आणि ठिबकणारी चरबी झेलते. झाकणाच्या शेगडीत निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला. रसायनांचा ड्रम घेऊ नका, कितीही धुतला तरी. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही आगीजवळ नको, तापल्यावर त्यातून निघणारी वाफ ताप आणते.

कोळसा रचायची एक रीत मला फार आवडते. न पेटवलेले कोळसे ड्रमच्या कडेनं दोन पदरी अर्धगोलात मांडायचे, डास घालवायच्या गोल अगरबत्तीसारखे. लाकडाचे तुकडे अंतराअंतरावर ठेवायचे आणि एका टोकाला फक्त सात-आठ पेटते निखारे टेकवायचे. आग त्या अगरबत्तीसारखीच हळूहळू पुढं सरकत जाते आणि तीन-चार तास तुम्हाला झाकण उघडावं लागत नाही.

आग हवेवर चालते

उसाच्या गुऱ्हाळात काहिलीवर उभ्या असलेल्या गुळव्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. खाली चुलवाणात चिपाड सारणारा गडी कुणाला दिसत नाही, पण गुळाचा रंग निम्मा त्याच्या हातात असतो. तो एकदम भारा ढकलत नाही. थोडं थोडं, आधीचं भडकून बसायच्या आत पुढचं. माझ्या मामांनी तरुणपणी दोन हंगाम हे काम केलं होतं. आमच्या दुसऱ्या खेपेला मी पांढरा धूर बघून आणखी लाकूड घालायला निघालो, तेव्हा ते म्हणाले, "अरे, चूल घुसमटलीया. तिला जळण नको, वारं दे की."

मी खालची झडप पूर्ण उघडली. दोन मिनिटांत आत भप् आवाज होऊन धुमसणाऱ्या तुकड्यानं जाळ धरला, आणि धुराड्यावरचा पांढरा लोळ विरत विरत नाहीसा झाला. मी तो क्षण अजून विसरलो नाही.

ड्रमला दोन वाटा हव्यात: खाली हवा आत यायची, वर धूर जायची. वरची वाट कायम उघडी ठेवा. ती बंद केली की धूर आत साचतो, शिळा होतो आणि मांसावर डांबर बनून उतरतो. आच कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेनं, आणि एका वेळी बोटभरच. झडप फिरवली की पंधरा मिनिटं काही करायचं नाही. आगीला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. घाई करणारा माणूस दर पाच मिनिटांनी झडप हलवतो आणि दिवसभर आच वर-खाली करत राहतो. झाकण उघडलं की आतली धग जाते आणि निखाऱ्यांना एकदम हवा मिळून ते भडकतात, म्हणून सारखं उघडून बघायचं नाही.

आतली आच ११० ते १३० अंशांच्या मध्ये राहिली पाहिजे, मांस ठेवलंय त्या उंचीवर मोजलेली. हाताच्या अंदाजावर राहू नका, काट्याचा तापमापक घ्या. तो खरा आहे का ते उकळत्या पाण्यात बुडवून बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, इथं पाणी ९७-९८ अंशांना उकळतं. काटा तिथं थांबला तर तो बरोबर आहे, १०० दाखवत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

नवा लाकडाचा तुकडा घालायचा तर आधी तो ड्रमच्या झाकणावर तापत ठेवा. गार लाकूड निखाऱ्यावर पडलं की बराच वेळ नुसतं धुमसतं, तापलेलं लगेच जाळ धरतं. नुसत्या लाकडाची आग करणार असाल तर तुकडे मनगटाएवढे जाड आणि वीतभर लांब असू द्या. छोटा पण जिवंत जाळ हवा. मोठी आग करून ती हवा कोंडून दाबायची, ही सगळ्यात घातक सवय.

लाकूड कोणतं?

पेरू, चिकू, चिंच, आंबा, बाभूळ. बागेत छाटणी झाली की पेरूच्या फांद्या मी आता मागून घेतो. त्यांचा धूर सौम्य आणि गोडसर असतो. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे माळरानभर पसरलेली वेडी बाभूळ, कन्नडमधली बळ्ळारी जाली, हिची गोष्ट गमतीची आहे. टेक्सासमध्ये लोक ज्या मेस्कीट लाकडाचा अभिमान बाळगतात, ती याच कुळातली. धूर तिखट असतो, म्हणून कमी घाला. आपल्याकडे ज्याला कुणी विचारत नाही, ते काटेरी जळण या कामाला खरोखर चांगलं आहे.

निलगिरी, देवदार यांसारखी तेलकट आणि राळेची लाकडं नकोत. कडुलिंब कडू. कण्हेर आणि शेर विषारी आहेत, त्यांची काडीसुद्धा आगीत जाऊ देऊ नका. बिब्ब्याचं लाकूड नको. चंदगड-खानापूर पट्ट्यात काजूची टरफलं स्वस्तात मिळतात आणि झकास पेटतात, पण त्यांतलं तेल कातडी भाजणारं असतं आणि धूरही तसाच; मांसाखाली ती नकोतच. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, जुनं फर्निचर नको. लोंढ्याकडे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कधी जळणात आलेले असतात. ते कुजू नयेत म्हणून डांबरी तेलात मुरवलेले असतात, त्यांचा धूर म्हणजे विष.

भीमगडचं जंगल २०११ पासून अभयारण्य आहे. तिथलं लाकूड आणायचं नाही. स्वतःच्या बांधावरचं, छाटणीचं पुरेसं असतं. फोडून, पावसापासून आडोशाला, वारं लागेल असं रचून किमान एक पूर्ण उन्हाळा खाऊ द्या. वाळलेल्या लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली येते. टोकाला भेगा पडतात, दोन तुकडे आपटले की ठक्क वाजतं. ओलं लाकूड धप्प वाजतं.

लाकूड भिजवून घातलं तर धूर जास्त वेळ टिकतो म्हणतात

टिकतो तो पांढरा धूर, आणि त्यात सुरुवातीला वाफच असते. तासभर भिजवलेल्या तुकड्यात पाणी वरवरच शिरतं. ते उडून जाईपर्यंत निखारे थंड होतात, मग लाकूड धुमसतं. एवढी मेहनत घेऊन वाळवलेलं लाकूड परत ओलं का करायचं? ओलावा मांसावर असू द्या. गार, ओलसर मांसावर धूर चांगला बसतो, म्हणून ते फ्रीजमधून काढून थेट आत ठेवलं तरी चालतं, आणि लाकूड पहिल्या दोन तासांतच घाला.

मटण मध्येच शिजायचं थांबलं. आग वाढवू का?

मोठा तुकडा ठेवला की आतलं तापमान ६५-७० अंशांपर्यंत भराभर चढतं आणि मग तासन्‌तास तिथंच अडकतं. इथं धीर सुटतो आणि माणूस कोळसा ओततो. पण आग बरोबर असते. माठातलं पाणी गार का राहतं, तर बाहेरून पाझरणारं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं म्हणून. मांसही तसंच घाम गाळत असतं. पाझर कमी झाला की तापमान आपोआप वर चढतं.

आपलं बोकडाचं मटण कमी चरबीचं असतं, या काळात ते कोरडं पडतं. बाहेरून गडद तांबूस रंग आला की ते केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, म्हणजे घाम उडत नाही आणि आच पुढं सरकते. आत ९० अंशांच्या आसपास गेलं की शिरा विरघळून, पायाच्या सुपात होतं तसं, मऊ होतं. दोन किलोच्या मांडीला पाच-सहा तास धरा.

कोंबडीला इतका वेळ लागत नाही, पण हाडाजवळच्या जाड भागात ७४ अंश झालेच पाहिजेत. कातडीखाली गुलाबी कडा दिसली तर घाबरू नका. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी जुळून तो रंग येतो. रंगावरून काही ठरवू नका, काटा टोचून बघा. ५ ते ६० अंशांच्या मध्ये मांस रेंगाळलं की जंतू वाढतात. म्हणून आच न लावता नुसत्या गार धुरात मांस टिकवायचा प्रकार घरी करू नका. कोडगूत, नागालँडमध्ये चुलीवर मांस टांगतात खरं, पण त्यामागे मीठ, वाळवण आणि पिढ्यांची सवय असते.

निखाऱ्यावर तूप घालून धुंगार दिला तर नाही का भागत?

पाच मिनिटांच्या कामाला धुंगार उत्तम आहे. त्यात वास येतो तो मुख्यतः जळत्या तुपाचा, लाकडाचा नाही. दाल आणि भरताला तो शोभतो. मांडीच्या आत काही तो पोचत नाही.

हे तब्येतीला वाईट नाही का?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, ज्यात धुरवलेलं मांसही येतं, पहिल्या गटात टाकलं. म्हणजे त्यानं कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा पक्का आहे. तंबाखूही याच गटात आहे, पण गट पुराव्याची खात्री सांगतो, धोका सारखाच आहे असं नाही. माझं मत स्पष्ट आहे: हे सणावाराचं खाणं आहे, रोजचं नाही. आणि जे घातक पदार्थ धुरातून येतात, ते धुमसत्या आगीत आणि निखाऱ्यावर चरबी पडून उठणाऱ्या धुरात जास्त असतात. परात ठेवली, जाळ स्वच्छ राखला, की ते बरेच कमी होतात. चवीला जे चांगलं तेच इथं शरीरालाही कमी त्रासाचं आहे.

पाऊस आहे, मग पडवीत किंवा खोलीत ठेवू?

नाही, कुठल्याही कारणानं नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणून निखारा सुरक्षित वाटतो, तीच त्याची भीती आहे. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. थंडीत शेगडी आत घेऊन दारं लावून झोपणाऱ्या घरांना हे आवर्जून सांगा. ड्रम मोकळ्या अंगणात, भिंतीपासून, वैरणीच्या गंजीपासून आणि उसाच्या पाल्यापासून लांब. शेजारी पाण्याची बादली. वाऱ्याच्या दिवशी खालची झडप वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा, नाहीतर तुमच्याऐवजी वाराच आग चालवतो.

काम संपलं की दोन्ही झडपा बंद करा, निखारे हवेविना विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामाला येतो. राख लगेच उकिरड्यावर टाकू नका. वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात दुसऱ्या दिवशीही जिवंत आर सापडते. आम्ही ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून दगडी फरशीवर ठेवतो, आणि दोन दिवसांनी मामी ती चाळून नारळाच्या आळ्यात घालते.